तुर्की वाक्प्रचार आणि इंग्रजी भाषांतरकार: चार शतकांच्या व्यवहाराचा आढावा

१

ऑटोमन सुलतान तिसरा मुराद (राज्यकाल १५७४–१५९५) आणि इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ यांच्यामधील पत्रव्यवहारास १५७९ मध्ये प्रारंभ झाला. १५८० मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांना ऑटोमन मुलखात व्यापाराच्या सवलती मिळाल्या आणि १५८३ मध्ये विल्यम हारबोर्न हा इंग्लंडचा वकील म्हणून इस्तंबूल येथे रुजू झाला. ह्या व्यवहारातील सुलतानाच्या एका पत्राकडे बर्नार्ड ल्यूइस ह्या इतिहासकाराने अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. मूळ तुर्की पत्रात राणीने निष्ठेच्या व आज्ञाधारकतेच्या मार्गावर ‘साबित-कदेम’ राहावे, अशी अपेक्षा सुलतानाने व्यक्त केली आहे. ‘साबित-कदेम’ म्हणजे ज्याचे पाऊल ढळत नाही असा. एखाद्या मांडलिकास अथवा प्रांताधिकाऱ्यास लिहावी तशी ही भाषा आहे. परंतु त्याच पत्राच्या तत्कालीन इटालियन भाषांतरात निष्ठा, सेवा आणि आज्ञाधारकता यांच्या जागी केवळ निखळ मैत्रीचा उल्लेख आढळतो. राणीच्या दरबारात पत्र समजून घेण्यास उपयोगी पडली ती ही इटालियन प्रत.

सुलतानाने मांडलिकास पत्र लिहिले आणि राणीस मित्राचे पत्र मिळाले, असा हा प्रकार झाला. दोन्ही पक्ष संतुष्ट राहिले आणि व्यापार चालू राहिला. येथे दुभाष्याने अर्थाचा विपर्यास केला असे सरळ म्हणता येत नाही, कारण पत्रातील मागणी, म्हणजे स्नेहसंबंध टिकवून ठेवण्याची इच्छा, त्याने यथायोग्य पोहोचविली. त्याने गाळले ते एका वाक्प्रचारात दडलेले नाते. कोण वरच्या पायरीवर उभा आहे आणि कोण खालच्या, ही गोष्ट त्या वाक्प्रचाराने सांगितली होती आणि तीच नेमकी वाटेत हरवली.

वाक्प्रचाराचे पृथक्करण केल्यास त्यात तीन घटक आढळतात. पहिला घटक चित्राचा: पाऊल, डोळा, मीठ, विस्तव यांसारख्या मूर्त वस्तूचा. दुसरा घटक आशयाचा. तिसरा घटक नात्याचा, म्हणजे बोलणारा व ऐकणारा यांच्यामधील अंतराचा, मानाचा अथवा जिव्हाळ्याचा. भाषांतरविषयक चर्चा बहुधा पहिल्या दोन घटकांभोवती फिरते. चित्र राखावे की आशय राखावा, एवढाच प्रश्न विचारला जातो. तुर्की वाक्प्रचारांच्या इंग्रजी भाषांतराचा चार शतकांचा इतिहास पाहता असे दिसते की सर्वांत सहज हरवणारा आणि हरवल्यास सर्वांत महाग पडणारा घटक हा तिसराच होय.

२

ऑटोमन राज्यात परकीय वकिलांचा व्यवहार ज्यांच्यामार्फत चाले त्या दुभाष्यांना युरोपीय भाषांत ‘ड्रॅगोमन’ म्हणत. हा शब्द मुळात अरबी ‘तर्जुमान’ असून जुन्या मराठी कागदपत्रांतील ‘तर्जुमा’ त्याच्याच कुळातील आहे. इस्तंबूलमधील युरोपीय वकिलातींचे दुभाषे बहुधा तेथील लॅटिन पंथीय ख्रिस्ती अथवा ग्रीक कुटुंबांतून आलेले असत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारचा मुख्य दुभाषी हे पदही ग्रीक घराण्यांकडे राहिले. १६६१ मध्ये पानागिओतिस निकूसिओस ह्याची त्या पदावर नेमणूक झाली आणि पुढे दीड शतकाहून अधिक काळ ती परंपरा चालली.

ह्या दुभाष्यांची स्थिती नाजूक होती. वकिलातीचे वेतन घेणारा दुभाषी पुष्कळदा सुलतानाचा प्रजाजन असे. वजिरासमोर उभे राहून परकीय वकिलाचा राग जसाच्या तसा सांगणे त्याच्या जिवावर बेतू शकत होते, आणि वजिराचा अपमानकारक शब्द वकिलास जसाच्या तसा ऐकविल्यास बोलणी मोडण्याचा संभव होता. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तीक्ष्ण वाक्प्रचारांच्या कडा घासून त्यांना गुळगुळीत करणे हे दुभाष्याच्या धंद्याचे अंगच बनले. मुरादाच्या पत्रातील बदल हा एखाद्या व्यक्तीचा प्रमाद नसून ह्या परिस्थितीचा स्वाभाविक परिणाम होता.

१८२१ मध्ये ग्रीक उठावास प्रारंभ होताच मुख्य दुभाषी कॉन्स्तांतिनोस मुरूझिस ह्याचा शिरच्छेद करण्यात आला आणि ग्रीक दुभाष्यांवरील विश्वास संपला. त्याच वर्षी ऑटोमन सरकारने आपल्या स्वतःच्या अधिकाऱ्यांस युरोपीय भाषा शिकविण्याकरिता ‘तेरजुमे ओदासी’ म्हणजे भाषांतर कचेरी स्थापन केली. पुढे प्रसिद्धीस आलेले आली पाशा, फुआद पाशा हे मुत्सद्दी आणि नामिक केमाल हा साहित्यिक ह्या कचेरीतून पुढे आले, यावरून तिचे महत्त्व लक्षात येईल. इंग्लंडनेही १८७७ मध्ये पूर्वेकडील वकिलातींसाठी तरुण इंग्रजांना तुर्की शिकवून दुभाषी बनविण्याची योजना सुरू केली. भाषांतराचे काम मध्यस्थांच्या हातून निघून दोन्ही पक्षांच्या स्वतःच्या माणसांकडे येऊ लागले, तेव्हा वाक्प्रचार घासून देण्याऐवजी तो समजून घेण्याची गरज प्रथमच निर्माण झाली.

३

दुभाष्यांचा व्यवहार चालू असताना तुर्की वाक्प्रचार दुसऱ्या एका वाटेने इंग्रजीत येत होते. ती वाट प्रवाशांची व लेखकांची होय. इंग्लंडच्या वकिलाची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने १८ व्या शतकाच्या प्रारंभी तुर्कस्तानातून लिहिलेली पत्रे तिच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाली. अलेक्झांडर पोप ह्या कवीस १७१७ मध्ये लिहिलेल्या पत्रात तिने इब्राहिम पाशाच्या एका तुर्की प्रेमकवितेची दोन इंग्रजी रूपे पाठविली आहेत. पहिले शक्य तितके शब्दशः असून दुसरे इंग्रजी काव्याच्या वळणावर घडविलेले आहे. प्रेयसीचे डोळे हरणासारखे आहेत, ह्या अर्थाचे तुर्की विशेषण तिला विशेष आवडले. ‘मृगनयना’ व ‘हरिणाक्षी’ ह्या शब्दांचा सराव असलेल्या मराठी वाचकास त्यात नवल वाटणार नाही. पण इंग्रजी वाचकाला ते नवीन होते आणि म्हणूनच मूळ भाषेत सरावाने मंदावलेले चित्र भाषांतरात एकदम झळकून उठले. दोन भाषांतरे शेजारी ठेवून लेडी मेरीने एक मूलभूत प्रश्न मांडला होता. एकाच भाषांतरात चित्र व सहजता ही दोन्ही साधत नाहीत, ही गोष्ट तिने न सांगता दाखवून दिली.

शब्दशः भाषांतर रूढ होऊन इंग्रजीचाच शब्द बनल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑटोमन सरकारचे नाव. मुख्य वजिराच्या कचेरीस तुर्कीत ‘बाब-इ आली’, म्हणजे उंच अथवा श्रेष्ठ दरवाजा, म्हणत. राज्यकर्त्याच्या दारी न्याय मिळतो ही कल्पना त्यामागे आहे, आणि आपल्याकडील ‘दरबार’ ह्या फार्सी शब्दातही ‘दर’ म्हणजे दारच आहे. फ्रेंचांनी त्याचे ‘सब्लीम पोर्त’ असे शब्दशः भाषांतर केले आणि तेथून इंग्रजीत ऑटोमन सरकारला नुसते ‘पोर्ट’ म्हणण्याचा प्रघात पडला. १९ व्या शतकातील इंग्रज मुत्सद्द्यांच्या लेखनात हे नाव पानोपानी येते. परंतु ते वाचताना कोणा इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढे दरवाजा उभा राहत नसे. चित्र शब्दशः उतरले आणि उतरताच निजले.

याच काळात शब्दशः भाषांतराचा एक वेगळा उपयोगही होऊ लागला. जेम्स मोरियर ह्याच्या ‘हाजी बाबा’ ह्या १८२४ मधील कादंबरीत इराणी पात्रांच्या तोंडी फार्सी वाक्प्रचार शब्दशः इंग्रजी करून घातले आहेत. मूळ भाषेत रोजच्या वापराने झिजलेली ही बोलणी इंग्रजीत विचित्र, भडक आणि पुष्कळदा हास्यास्पद वाटतात. पूर्वेकडील माणूस म्हणजे अतिशयोक्त उपमांत बोलणारा माणूस, ही इंग्रजी वाचकाची समजूत दृढ होण्यास अशा भाषांतरांचा बराच हातभार लागला. हाजी बाबाची भाषा फार्सी असली तरी तुर्की पात्रांच्या चित्रणातही हीच रीत पुढे रूढ झाली. येथे चित्र राखले गेले, परंतु नाते बिघडले. ज्या वाक्यात मूळ वक्ता केवळ शिष्टाचार पाळत होता तेथे तो भाषांतरात नाटकी ठरला.

अलेक्झांडर किंगलेक ह्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईओथेन’ ह्या प्रवासवर्णनात ह्या दोन्ही दोषांवर एकाच प्रसंगात बोट ठेवले आहे. ऑटोमन पाशा आणि इंग्रज प्रवासी यांची भेट होते. इंग्रज एखादे कोरडे, अडखळते वाक्य बोलतो आणि दुभाषी त्याचे पल्लेदार स्तुतिवचनांत रूपांतर करतो. पाशाचे उत्तरही तसेच बदलून परत येते. प्रसंग विनोदी असला तरी निरीक्षण मार्मिक आहे. दुभाषी शब्दांचे भाषांतर करीत नसून भेटीचे भाषांतर करीत आहे. त्या दरबारात त्या प्रसंगी जे बोलले जावयास हवे ते तो बोलतो. हा व्यवहार फसवणुकीचा आहे की सौजन्याचा, ह्याचा निर्णय किंगलेक वाचकावर सोपवितो.

४

दुभाषी व प्रवासी या दोघांहून वेगळी भूमिका कोशकाराने घेतली. जेम्स रेडहाऊस (१८११–१८९२) हा १८२६ मध्ये तरुण वयात इस्तंबूलला गेला. तेथे ऑटोमन सरकारच्या सेवेत त्याने भाषांतराचे काम केले आणि १८५४ पासून लंडन येथे परराष्ट्र खात्याचा भाषांतरकार म्हणून काम पाहिले. त्याचा इंग्रजी-तुर्की कोश १८६१ मध्ये आणि मोठा तुर्की-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या कोशाच्या प्रकाशनामागे इस्तंबूलमधील अमेरिकी मिशन होते. अर्ध्याहून अधिक आयुष्य तुर्कीच्या व्यवहारात घालविलेल्या माणसाचा हा कोश असल्यामुळे त्यात सुट्या शब्दांबरोबर त्या त्या शब्दाभोवती जमलेले प्रयोगही नोंदविलेले आहेत.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस येथे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आठवण होणे साहजिक आहे. दोन्ही कोश एकाच शतकातील आहेत, दोन्ही राज्यकारभार व धर्मप्रसार यांच्या गरजांच्या छायेत वाढले आणि दोहोंतही वाक्प्रचारांचा मोठा भरणा आहे. कोशकाराला वाक्प्रचार घासूनही चालत नाही आणि भडक करूनही चालत नाही. त्याला चित्र व आशय दोन्ही शेजारी मांडावे लागतात. लेडी मेरीने एका कवितेपुरते जे केले ते रेडहाऊसने सबंध भाषेसाठी केले.

तथापि कोशाच्या रीतीलाही मर्यादा आहे. कोश वाक्प्रचाराचा अर्थ देतो, परंतु तो कोणी कोणास म्हणावा हे क्वचितच सांगतो. तुर्की भाषेत तर ह्या तिसऱ्या घटकाचे प्राबल्य विशेष आहे. नमुन्यादाखल काही गट पाहणे इष्ट ठरेल.

‘ग्योझ’ म्हणजे डोळा. त्याला विभक्तिप्रत्यय व क्रियापद जोडून जे प्रयोग होतात त्यांत डोळ्यात शिरणे म्हणजे मर्जी संपादन करणे, डोळ्यातून पडणे म्हणजे मर्जी गमावणे, डोळा मिटणे म्हणजे दुर्लक्ष करणे, डोळा ठेवणे म्हणजे अभिलाषा धरणे, डोळ्याला येणे म्हणजे दृष्ट लागणे आणि डोळ्यावर घेणे म्हणजे धोका पत्करणे, असे अर्थ होतात. मराठी वाचक ‘नजरेतून उतरणे’, ‘डोळेझाक करणे’, ‘डोळा असणे’, ‘दृष्ट लागणे’ हे प्रयोग ओळखतो आणि यांतील अर्धेअधिक त्याला टिपणाविना कळतात. इंग्रजीत यांपैकी काहींना डोळ्याचेच प्रतिरूप मिळते, परंतु बहुतेकांना डोळा सोडून द्यावा लागतो. येथे हानी मोठी नाही, कारण तुर्की वक्त्याच्या मनातही डोळ्याचे चित्र निजलेलेच असते.

‘जिएर’ म्हणजे यकृत. अपत्यास अथवा प्रियजनास ‘जिएरपारे’, म्हणजे यकृताचा तुकडा, असे संबोधण्याची रीत फार्सीतून तुर्कीत आली. इंग्रजीत यकृताला प्रेमाशी काही कर्तव्य नाही, म्हणून भाषांतरकार तेथे हृदय आणतो. मराठीतील ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचाच वाचक आहे आणि ‘काळजाचा तुकडा’ हा प्रयोग तुर्कीशी अक्षरशः जुळतो.

हृदयाच्या बाबतीत अडचण उलट आहे. तुर्कीत अरबी ‘काल्प’, तसेच ‘युरेक’ आणि ‘ग्योन्युल’ असे तीन शब्द आहेत. ‘युरेक’शी धैर्याचा संबंध येतो, तर ‘ग्योन्युल’ हे इच्छा, माया व रुसवे-फुगवे यांचे स्थान आहे. ‘ग्योन्युल मोडणे’ म्हणजे मराठीत ‘मन मोडणे’ आणि ‘ग्योन्युल घेणे’ म्हणजे दुखावलेल्याची समजूत काढणे. इंग्रजी भाषांतरात ह्या तिन्ही शब्दांच्या जागी एकच हृदय येते आणि मन व काळीज यांतील भेद पुसला जातो.

म्हणींच्या बाबतीत वरवरचे साम्य विशेष फसवे ठरते. ‘पैसे देणारा पिपाणी वाजवितो’ ह्या अर्थाची एक तुर्की म्हण नसरुद्दीन होजाच्या गोष्टीवर आधारलेली आहे. होजा बाजारास निघाला असता पुष्कळ मुलांनी त्याच्याकडे पिपाण्या मागितल्या, परंतु पैसे एकानेच दिले. होजाने परतताना एकच पिपाणी आणली आणि ती त्या मुलास दिली. फुकट मागणाऱ्यास काही मिळत नाही, हा तिचा मूळ रोख. इंग्रजीत वाजंत्र्यास पैसे देणारा कोणता सूर वाजवावा ते ठरवितो, अशी एक म्हण आहे. पैसा व वाद्य दोन्हीकडे असल्यामुळे भाषांतरकार एकीच्या जागी दुसरी सर्रास ठेवतात. पण इंग्रजी म्हण पैसेवाल्याच्या हुकमतीविषयी आहे, तर तुर्की म्हणीचा मूळ रोख मागणी व मोबदला यांविषयी आहे. चित्र जुळले म्हणून नाते जुळले असे होत नाही.

नात्याचा घटक अगदी उघड दिसतो तो प्रसंगोचित बोलण्यांत. तुर्कीत स्वयंपाक करणाऱ्यास ‘तुमच्या हातांना आरोग्य लाभो’ असे म्हणतात, आजारी माणसास ‘होऊन गेलेले असो’ म्हणतात, काम करणाऱ्याजवळून जाताना ‘सोपे जावो’ म्हणतात आणि ज्याच्या घरी मृत्यू झाला त्यास ‘तुमचे मस्तक सुखरूप राहो’ म्हणतात. निरोपाच्या वेळी जाणारा एक शब्द बोलतो आणि राहणारा दुसरा. ‘ग्युले ग्युले’, म्हणजे हसत हसत, हे राहणाऱ्याने जाणाऱ्यास म्हणावयाचे असते. इंग्रजीत दोघांनाही एकच निरोपाचा शब्द आहे. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या आणि त्यावर ‘या’ असे उत्तर ऐकणाऱ्या मराठी माणसास ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अशा ठिकाणी शब्दशः भाषांतर केल्यास पात्र विक्षिप्त वाटते आणि गाळल्यास ते उद्धट वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तुर्की ‘दायाक येमेक’ म्हणजे मार खाणे, ‘रुश्वेत येमेक’ म्हणजे लाच खाणे. बसल्या बसल्या उठून निघालेल्या पाहुण्यास ‘विस्तव न्यायला आला होतास काय’ असे तुर्कीत विचारतात, आणि फार्सीत व उर्दूतही हाच प्रयोग आहे. ह्या साम्यांमागे फार्सीचा समान प्रभाव पुष्कळ ठिकाणी संभवतो, कारण इस्तंबूल आणि दक्षिणेतील सुलतानी दरबार या दोहोंवर फार्सी लेखनपद्धतीची छाप होती. परंतु शरीराच्या अवयवांवरून होणारे प्रयोग अनेक भाषांत स्वतंत्रपणेही उद्भवतात. म्हणून सारे साम्य फार्सीच्या खात्यावर मांडणे शास्त्रशुद्ध होणार नाही.

५

विसाव्या शतकात तुर्की भाषेचेच स्वरूप पालटले. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषासंस्थेने अरबी-फार्सी शब्दांच्या जागी तुर्की धातूंपासून घडविलेले शब्द रूढ करण्याची मोहीम हाती घेतली. ‘साबित-कदेम’सारखे दरबारी समास बोलीतून दूर झाले. वाक्प्रचाराचे नावही बदलले. पूर्वी त्याला ‘ताबिर’ हा अरबी शब्द होता. त्याच्या जागी ‘देयिम’ हा नवा शब्द आला. ‘ताबिर क्षम्य असेल तर’ अशा अर्थाचे जे प्रास्ताविक एखादा धीट प्रयोग करण्यापूर्वी योजीत, त्याच्या जोडीला ‘देयिम उचित असेल तर’ अशा अर्थाचे नवे रूप प्रचारात आले.

ह्या घडामोडीचा भाषांतरावर दुहेरी परिणाम झाला. एका बाजूने १८९० चा रेडहाऊस कोश, जो समकालीन भाषेसाठी रचला होता, तो जुन्या भाषेची किल्ली बनला. १९६८ मध्ये निघालेल्या नव्या रेडहाऊस कोशाने लॅटिन लिपीतील शब्दांशेजारी जुन्या लिपीतील रूपेही दिली, ती याच गरजेपोटी. दुसऱ्या बाजूने डोळा, हात, मस्तक, भाकरी व मीठ यांवरील लोकभाषेतील प्रयोग ह्या उलथापालथीत बहुतांशी टिकून राहिले, कारण त्यांचे शब्द मुळातच घरगुती होते. ‘मीठ-भाकरीचा हक्क’ हा प्रयोग आजही तुर्कीत जिवंत आहे आणि खाल्ल्या मिठाला जागण्याच्या मराठी कल्पनेशी त्याचे नाते स्पष्ट आहे. कृतघ्नास मात्र तुर्क ‘नानक्योर’, म्हणजे भाकरीविषयी आंधळा, म्हणतात. आपण त्यास नमकहराम म्हणतो. उपकाराचा साक्षीदार एकीकडे भाकरी, तर दुसरीकडे मीठ.

६

आधुनिक तुर्की कादंबरी इंग्रजीत येऊ लागल्यावर हा प्रश्न पुन्हा नव्या स्वरूपात उपस्थित झाला. हालिदे एदिब ह्या लेखिकेचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३५ मध्ये त्या भारतात आल्या होत्या आणि दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांची व्याख्याने झाली होती. त्याच वर्षी त्यांची एक कादंबरी लंडन येथे इंग्रजीत प्रसिद्ध झाली आणि १९३६ मध्ये तीच तुर्कीत ग्रंथरूपाने निघाली. तुर्की नाव ‘सिनेक्ली बाक्काल’, म्हणजे माश्या घोंगावणारे वाण्याचे दुकान. हे इस्तंबूलमधील एका गल्लीचे नाव आहे. इंग्रजी नाव मात्र विदूषक आणि त्याची मुलगी यांच्यावरून दिलेले आहे. दोन्ही भाषा जिच्या हाती होत्या त्या लेखिकेनेही गल्लीचे नाव इंग्रजी वाचकापुढे ठेवले नाही. त्या नावातील ओळखीची ऊब तुर्की वाचकापुरतीच आहे, हे तिने जाणले असावे.

याशार केमाल यांच्या कादंबऱ्यांच्या शीर्षकांवरून तर ह्या प्रश्नाचे सबंध चित्र उभे राहते. ‘इंजे मेमेद’ (१९५५) म्हणजे सडपातळ मेमेद. एडुआर रोदिती यांच्या १९६१ च्या इंग्रजी भाषांतरात त्याचा ‘माझा ससाणा’ झाला. त्यानंतरच्या तीन कादंबऱ्यांची मालिका लेखकाच्या पत्नी थिल्दा केमाल यांनी भाषांतरित केली. पहिलीचे तुर्की नाव ‘ओर्तादिरेक’ (१९६०), म्हणजे तंबूचा अथवा घराचा मधला आधारखांब. इंग्रजीत (१९६३) तो खांब नाहीसा झाला आणि सपाटीवरून वाहणारा वारा आला. पुढे १९८० नंतरच्या दशकात तुर्गुत ओझाल यांच्या राजकारणात ‘ओर्तादिरेक’ हा शब्द मध्यमवर्गाच्या अर्थाने गाजला, म्हणजे मूळ भाषेतही तो प्रयोग स्थिर राहिला नाही.

मालिकेतील दुसऱ्या कादंबरीचे नाव ‘येर देमिर ग्योक बाकर’ (१९६३), म्हणजे जमीन लोखंडाची, आकाश तांब्याचे. कोणत्याही बाजूने आधार उरला नाही, अशा अर्थाचा हा वाक्प्रचार आहे. इंग्रजीत (१९७४) हे नाव शब्दशः राखले आहे. एकाच भाषांतरकर्त्रीने एक नाव सोडले आणि दुसरे अक्षरशः धरले, ही विसंगती नव्हे. दुसऱ्या नावातील चित्र मूळ कादंबरीतच जागे आहे, कारण दुष्काळ, कर्ज व भीती यांनी कोंडलेल्या गावाला जमीन व आकाश दोन्ही खरोखरीच कठोर झालेली आहेत. शिवाय इंग्रजी वाचकाच्या कानाला हे चित्र परके नव्हते. १६११ च्या इंग्रजी बायबलात, व्यवस्थाभंगाबद्दलच्या शापांत, डोक्यावरील आकाश पितळेचे व पायाखालील जमीन लोखंडाची होण्याची कल्पना आहे. दोन दूरच्या भाषांत एकाच कठोरपणाची प्रतिमा आधीच वसत होती आणि भाषांतराने त्यांची केवळ गाठ घालून दिली.

ओर्हान पामुक यांच्या ‘कारा किताप’ (१९९०) ह्या कादंबरीची दोन इंग्रजी भाषांतरे झाली: ग्युनेली ग्युन यांचे १९९४ मध्ये आणि मॉरीन फ्रीली यांचे २००६ मध्ये. ग्युन यांनी पामुक यांच्या भाषांतरांत अमेरिकी बोलीतील चलनी प्रयोगांचा मोकळेपणाने उपयोग केला आणि काही ब्रिटिश समीक्षकांना ते खटकले. ह्या वादाचा मथितार्थ असा की समानार्थी वाक्प्रचार सापडला तरी तो एका विशिष्ट गावचा, वर्गाचा व काळाचा असतो. इस्तंबूलमधील पात्र न्यूयॉर्कच्या रहिवाशासारखे बोलू लागले तर आशय बिनचूक असूनही ते पात्र दुसऱ्या कोणाचे तरी नातेवाईक वाटू लागते.

७

ह्या चार शतकांच्या व्यवहारावरून एक निष्कर्ष काढता येतो. भाषांतरकाराची रीत त्याच्या अभिरुचीपेक्षा तो कोणासाठी काम करतो यावर अधिक अवलंबून राहिली. दुभाष्याने शांततेसाठी नाते गाळले, प्रवाशाने मनोरंजनासाठी चित्र भडक केले, कोशकाराने राज्यकारभार व मिशन यांच्या उपयोगासाठी चित्र व आशय वेगळे करून मांडले आणि कादंबरीच्या भाषांतरकाराने वाचकाच्या कानास रुचेल ते राखले. त्यातून जी कसोटी हाती येते ती अशी: निजलेले चित्र निजू द्यावे, जागे असलेले चित्र राखावे, आशय कधीही सोडू नये. मात्र वाक्प्रचारातील नाते गाळण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. चित्र गेले तर वाक्य फिके होते, नाते गेले तर माणूसच बदलतो. मुरादाच्या पत्रात न ढळणाऱ्या पावलाचे चित्र गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु स्वामी व मांडलिक यांचे अंतर गेले आणि एक साम्राज्य जगाकडे कोणत्या नजरेने पाहत होते, ही गोष्ट त्या भाषांतराच्या वाचकास कळली नाही.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने ह्या निष्कर्षास आणखी एक बाजू आहे. तुर्की ग्रंथ जेव्हा इंग्रजीवरून मराठीत येतो तेव्हा यकृताचे प्रथम हृदय होते आणि मग मराठीतही ते हृदयच राहते. वस्तुतः काळीज घरीच होते. ‘मन मोडणे’, ‘मार खाणे’, ‘दृष्ट लागणे’ ह्या प्रयोगांचेही तसेच आहे. जी वस्तू आपल्या माजघरात आहे ती परक्याच्या दुकानातून, आणि तीही बदललेल्या स्वरूपात, विकत आणावी असा हा प्रकार होय. यावर उपाय अवघड असला तरी अज्ञात नाही. तुर्की मूळ भाषेतून शिकणे, आणि ते साधत नसेल तेथे निदान इंग्रजी वाक्यामागे कोणता तुर्की प्रयोग उभा होता याचा शोध घेणे, हे दोन मार्ग अभ्यासकांस मोकळे आहेत. रेडहाऊसचा कोश त्याकरिता आजही उपयोगी पडतो आणि त्याच्या शेजारी मोल्सवर्थ उघडून ठेवल्यास इंग्रजीच्या मध्यस्थीने दूर गेलेल्या पुष्कळ जुन्या ओळखी पुन्हा पटतील.